वाढत्या अंगाची सायकल

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय सत्तेचाळीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल मात्र ‘धडधाकट’ या एका शब्दाने भागणार नाही. त्याचा खुलासा पुढे योग्य जागी करते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलबाईंनी विचारले, “या वयात एवढी घाई कशाला?”

“सही माझी आहे तोवर उरकून टाकू,” मी म्हटले. माझा हात थरथरतो असे त्यांना वाटले. त्यांनी समजूत घातल्यासारखी मान हलवली आणि बजावले, “एक लक्षात ठेवा. दोन कलमं एकमेकांच्या विरुद्ध गेली तर शेवटचं खरं धरतात. तेव्हा सहीच्या वेळी काहीतरी सुचलं म्हणून खाली खरडू नका.”

“मी कशाला खरडीन?”

“सगळे असंच म्हणतात,” त्या म्हणाल्या.

कलम एक : घर. दुकानामागच्या दोन खोल्या व मधला बोळ माझ्या भाचीच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीच्या, नावे कराव्यात. अट एवढीच, की आतल्या खोलीच्या दाराची चौकट रंगवू नये. तिच्यावर आम्हा दोघी बहिणींच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. डाव्या अंगाला अक्का, उजव्या अंगाला मी. अक्का भराभर वर गेली आणि मी मधेच थांबले. घरात तिला शिडी म्हणत, मला स्टूल. “शिडीला हाक मार आणि स्टूल इकडे आण,” असे आई म्हणाली की आम्ही दोघी हजर. अक्का वारली त्याला आता दोन वर्षे होतील. तिची शेवटची खूण माझ्या खुणेपेक्षा चांगली वीतभर वर आहे. निदान गेल्या वर्षापर्यंत होती.

कलम दोन : दुकानातील सामान. काचा घासण्याचे यंत्र, नंबर तपासायच्या काचांची पेटी आणि दोन बुबुळांमधले अंतर मोजायची माझी पट्टी ही माझ्या दुकानातल्या कारागिराला द्यावी. ती पट्टी माझ्या हातात कधी चुकलेली नाही. दुसऱ्याच्या मापाचा चष्मा घालून माणूस चालतो, वाचतोही. फक्त संध्याकाळपर्यंत त्याचे डोके दुखू लागते आणि का ते त्याला कळत नाही. म्हणून मी जन्मभर नेमक्या मापाचा आग्रह धरला.

काउंटरखालचा लाकडी ठोकळाही त्यालाच द्यावा. खुर्चीवर बसले की माझे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून तो होता. परवा तो मी त्याला दिलाच.

“बाई, तुम्ही पाय कुठे टेकणार?”

“जमिनीवर.”

त्याने वाकून काउंटरखाली पाहिले. मग बराच वेळ एकच काच पुसत बसला.

कलम तीन : कपडे. माझे कपडे ज्याला होतील त्याला द्यावेत. मला ते आता होत नाहीत.

इथे आईबद्दलचा एक जुना राग नोंदवून ठेवते. तो मी तिच्यापाशी कधी काढला नाही. कापड घ्यायला गेली की आई शिंप्याला सांगायची, “वाढत्या अंगाचं शिवा.” अक्काला ते सैल व्हायचे, मग बरोब्बर व्हायचे, मग अपुरे पडायचे आणि तेव्हा माझ्याकडे यायचे. मला ते पुन्हा सैलच. त्यात माझे अंग वाढणार म्हणून आई टिपा घालून ठेवायची आणि ते काही वाढायचे नाही. अक्का आरशासमोर मला उभी करून खांद्यावरची लोंबती शिवण चिमटीत धरायची. “हसतेस काय,” ती म्हणायची, “एक दिवस भरशील ना यात.”

मी स्वतः कमवू लागल्यावर ‘वाढत्या अंगाचं’ हे शब्द तोंडातून काढले नाहीत. एकदा सोडून.

कलम चार : सायकल. माझी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची आणि रुंद टायरची, खडीच्या रस्त्यावर चालणारी, ही माझ्या मालकीची आहे असे कागदपत्रे म्हणतात.

ती निवडली आम्ही दोघींनी. अक्का इस्पितळात होती, तिच्या खिडकीतून कालवा दिसायचा. कालव्याकाठी खडीचा रस्ता, आणि तो दूर झाडांमागे वळून नाहीसा व्हायचा. “त्या वळणापलीकडे काय असेल गं?” ती रोज विचारायची. मग आम्ही फोनवर सायकली बघत बसायचो. शर्यतीला जायचे नव्हते, डोंगर चढायचे नव्हते. रविवारी सकाळी रमतगमत वळणापर्यंत जाऊन यायचे, एवढेच. खिशाला परवडली पाहिजे हेही होते. बारीक टायरची नको, खडीवर घसरते. जाड स्प्रिंगांची नको, फुकट वजन. महागड्या कार्बनच्या फ्रेमवर अक्काचे बोट थबकायचे आणि मी म्हणायचे, “शिडी, पायरी बघून चढ.” शेवटी साध्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर आमचे एकमत झाले.

भाऊजी शेजारच्या खुर्चीत बसून म्हणाले, “पन्नाशीला टेकलात दोघी. आता कसल्या सायकली?”

“तुम्हाला नाही विचारलं,” अक्का म्हणाली. आणि मला, “मी नसले तरी घे. मला जमेल अशीच घे.”

ती गेल्यावर वर्षभराने मी दुकानात गेले. सायकलवाल्याने दोन मापे काढून दाखवली. लहान फ्रेमवर पाय टाकून उभी राहिले तर सगळे जिथल्या तिथे. मोठीवर चवड्यांवर उभे राहावे लागले. तो म्हणाला, “ताई, लहान तुमच्या मापाची. हीच देऊ?”

मी तोंड उघडले आणि म्हटले, “वाढत्या अंगाची द्या.”

तो मनापासून हसला. चाळिशी उलटलेल्या बाईने केलेला विनोद म्हणून ठीकच होता. पण शब्द बाहेर पडल्यावर मीही इकडेतिकडे पाहिले. आवाज माझाच होता. लय माझी नव्हती. शेवटचा शब्द किंचित ओढायची सवय आमच्या घरात एकट्या अक्कालाच होती.

मोठी सायकल घेऊन मी घरी आले.

सीट अगदी खाली घेऊन कशीबशी चालवू लागले. सीटच्या दांडीवर माझ्या उंचीची खूण म्हणून निळी चिकटपट्टी गुंडाळली. आठवड्याने पट्टी वर दिसली, तिच्याखाली बोटभर उघडी दांडी. मी सीट खाली केली, पुन्हा आवळली. ती पुन्हा वर. सायकलवाल्याकडे नेली.

“ताई, पकड ढिली असली तर दांडी खाली घसरते,” तो म्हणाला. “वजनाने खालीच जाणार. वर जाणारी दांडी मी तरी पाहिली नाही. घरात कोणी उंच माणूस चालवतं का?”

“घरात मी एकटीच असते.”

“मग तुम्हीच करत असाल वर. सवयीने.” त्याने पान्याने पकड आवळली, वर लाल रंगाची रेघ मारली. “आता हलली तर मला सांगा.”

रेघ चार बोटे वर गेल्यावर मी त्याला सांगितले नाही. कारण तोवर माझ्या दुसरेच लक्षात आले होते. सीट वर जात होती आणि माझे पाय पेडलला पुरत होते.

आणखी एक. मी त्या वळणापर्यंतच जाते आणि परत फिरते. पुढे जायचा धीर होत नाही. कालव्याकाठची खडी राखाडी आहे. तरी माझ्या टायरच्या खाचांत लाल माती अडकलेली असते. बोळात उभ्या केलेल्या सायकलची माती मी ओल्या फडक्याने पुसते आणि पुसताना माझ्या पोटऱ्या ठणकत असतात.

दाखल्यासाठी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी उंची मोजली. जुना कागद पाहिला, पुन्हा मोजली. “मागच्या वेळी कोणीतरी चुकीची लिहिलेली दिसते,” ते म्हणाले. “या वयात माणूस खचतो, वाढत नाही.” मी हो म्हटले. घरी येऊन चौकटीला पाठ लावून उभी राहिले. अक्काच्या खुणेला आता पेन्सिलीच्या जाडीएवढेच अंतर राहिले आहे.

मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. सैल कपडा वर्षानुवर्षे अंगावर लोंबत राहिला की आतून कोणीतरी तो भरू लागते, एवढेच मला कळले आहे.

कलम पाच : भाऊजी. भाऊजींनी अक्काच्या वस्तू महिन्याभरात वाटून टाकल्या. चष्मा तेवढा माझ्याकडे आणून दिला, “तुझ्याच दुकानातला” म्हणून. याबद्दल त्यांच्यावर माझा राग होता, तो मी सोडते. त्यांना हवा भरायचा पंप द्यावा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बेतांतली हवा काढली, आता थोडी भरावी.

कलम सहा : भाचीची सायकल. हे कलम मला सर्वांत महत्त्वाचे आहे. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

भाची पंधरा वर्षांची आहे आणि तिला माझी सायकल हवी आहे. गेल्या रविवारी ती बोळात सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभी होती.

“मावशी, मला दे ना ही.”

“तुला मोठी होईल.”

“होऊ दे. मी वाढतेय की.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू परवा रस्त्यावरून वळलीस ना, मला वाटलं आई आली.”

“मग?”

“मग काही नाही. बरं वाटलं.”

मी विचारले, “तुला आई हवी की मावशी?”

“दोघी,” ती म्हणाली, इतक्या पटकन, की मला चहाच्या निमित्ताने आत जावे लागले.

तर माझी स्पष्ट इच्छा अशी. ही सायकल भाचीला देऊ नये. तिने तिच्यावर बसूही नये. माझ्या बचतीतून तिच्यासाठी नवी ग्रॅव्हल सायकल घ्यावी आणि ती तिच्या त्या दिवशीच्या मापाची घ्यावी. फ्रेमवर पाय टाकून दोन्ही टाचा जमिनीवर टेकतील आणि मधल्या दांडीला दोन-तीन बोटांची फट राहील, अशी. नावावर जाऊ नये, रंगावर जाऊ नये. रुंद टायर मावतील एवढी फ्रेमला जागा असावी. डिस्कचे ब्रेक तारेवर चालणारे असले तरी पुरेत. ते रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त होतात. पेडलपाशी एकच दातेरी चक्र असले म्हणजे गिअरचा गोंधळ नाही. वजनाच्या नादात पैसे घालवण्यापेक्षा चांगले टायर घ्यावेत. दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, खडीवर चालवून पाहावी, आणि हवा थोडी कमी ठेवून. वर्षभराने ती लहान पडली तर ती विकून दुसरी घ्यावी. खर्च होऊ द्यावा. पोरीने आपल्या अंगाने वाढावे, कोणी आधीच आखून ठेवलेल्या अंगात नव्हे.

कलम सात : जी राहील तिच्याबद्दल. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते आणि समोर बसून बोलणारी बाई कायद्याने जिवंतच. मी म्हटले, “जिवंत कोण आहे, हे कुठे लिहायचं?” त्यांनी पेनाला टोपण लावले. तेव्हा कायद्यात बसो न बसो, विनंती म्हणून लिहिते. माझी खूण अक्काच्या खुणेला टेकल्यावर या घरात एक उंच बाई वावरेल. तिला बाहेर काढू नये. तिला बिनसाखरेचा चहा लागेल. सायकल तिचीच आहे, तिला त्या वळणापलीकडे जाऊ द्यावे. मात्र भाचीला तिच्याबरोबर पाठवायचे तर शेजारून, स्वतःच्या सायकलवर. आणि भाचीने मधूनमधून तिला स्टूल म्हणून हाक मारावी. तिने वळून पाहिले तर मी अजून थोडी आहे असे समजावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. माझ्या चष्म्यातून अक्षरे पुसट दिसू लागली म्हणून शेवटची दोन कलमे अक्काच्या चष्म्यातून वाचली, ती स्वच्छ दिसली. सर्व बरोबर आहे.

ठिकाण : दुकानामागची आतली खोली.
दिनांक : सायकल घरी आली त्याला वर्ष झाले तो दिवस.

सही : (चष्मेवाली, धाकटी)

*सुधारणा :* कलम सहामध्ये बदल. पोरीला नवी सायकल घेऊ नये, आहे तीच द्यावी. मोठी होते तर होऊ दे. वाढत्या अंगाचीच बरी. एक दिवस भरेल ना त्यात.

साक्षीदार :

१. मी, दुकानातला कारागीर. बाईंनी आमच्यासमोर सही केली. सुधारणेच्या ओळी सहीनंतर त्याच पेनने, त्याच बैठकीत बाईंनीच लिहिल्या. अक्षर वेगळे दिसते म्हणून मी विचारले. “माझंच आहे,” असे त्या म्हणाल्या. शेवटचा शब्द त्यांनी जरा ओढला.

२. मी, सायकल दुकानदार. वरीलप्रमाणे. लिहिताना ताईंचे गुडघे टेबलाला लागत होते, म्हणून आम्ही दोघांनी टेबल उचलून खाली विटा लावल्या. त्यांची भाची बाहेर सायकलपाशी उभी होती. ताईंनी तिला आत बोलावले आणि चौकटीला पाठ लावून उभे राहायला सांगितले.