दुधाआधी माझी गाडी

चि. बिरदेव यास अनेक आशीर्वाद. मी तुझ्या बापाची आई, मुक्काम पोस्ट राहू. विसरला असशील म्हणून आधीच सांगून ठेवते. तब्येत बरी ना? इथं माझे गुडघे तेवढे धड आहेत, बाकी सगळे एकमेकांवर रुसलेत. पत्र तुझी आई ललिता लिहितेय. मी बोलेन तसंच लिहायचं असं ठरलंय. (लिहितेय, फक्त शिव्या गाळतेय. – आई)

आपल्या दूध डेअरीच्या कॉम्प्युटरवर तू मला गाडी पळवायचा खेळ घालून दिलास. पण दुधाचा प्रोग्राम चालू असला की माझी गाडी लंगड्या शेळीवानी अडखळायची. तू फोनवर म्हणालास, खेळाची प्रायॉरिटी वाढवून वरून दुसऱ्या पायरीवर न्या. म्हंजी कॅनॉलची पाळी. पाणी तेवढंच, पहिलं रान कुणाचं भिजायचं एवढाच प्रश्न. ललितानं यादी उघडली, तर वर अजून एक पायरी मोकळी! (तिचं नाव रिअलटाइम. मी नको म्हटलं होतं.) आता मला सांग, कॅनॉलच्या शेवटी, टेलच्या रानात जिचा जन्म गेला, तिला हेडची, सगळ्यांच्या आधीची पाळी मिळत असताना ती मधीच थांबंल व्हय? म्हटलं, चढव.

गाडी अशी पळाली म्हणतोस! मग संध्याकाळचं दूध आलं. खेळ मागं तसाच चालू. त्यानं सगळं पाणी ओढलं, बाकीच्यांना थेंब न्हाई. माउस हलंना, काट्यावरचं वजन पडद्यावर येईना. दूध घालायला आलेला म्हाळू किटली घेऊन दारात, त्याच्यामागं सगळी आळी. तुझ्या बापानं बटणं बडवली, शेवटी वायरच उपटली, आन् चारचौघांत जाहीर केलं, हा खेळ काढून टाकणार.

मी म्हटलं, काढ. मग म्हशीची धारपण तूच काढ. (ती आजीशिवाय कुणाला जवळ येऊ देत न्हाई. तुझ्या वडलांनी लाथ खाल्ली.) आता तू निरोप धाडतोस, आजी, माफी माग. न्हाई मागत! चूक पायरीची होती, खेळाची न्हाई. पाळी चुकली म्हणून कुणी कॅनॉल बुजवतं का?

धार बंद ठेवून बसलेली,
तुझी आजी

ता. क. – म्हैस लई हंबरली, म्हणून धार काढली. ही माघार समजू नकोस. भांडण म्हशीशी न्हाई.

आणखी ता. क. – खेळात माझ्या वर कुणाचा तरी आकडा दिसतोय. ललिता म्हणते, तुझ्या बापाचा. (व्हय. दूध गेल्यावर दार लावून बसतात.) तरी तोंडानं अजून 'काढणारच' चालू हाय. तवा रविवारी येऊन पाळी नीट लावून दे. दुधाच्या वेळी दूध वर, मग खेळ वर, आन् खेळात आधी मी, मग तो. येताना त्याच्यासाठी गुळाची चिक्की आण, चांगली चिवट बघून. दात चिकटलेत तोवर त्याला न्हाई म्हणता यायचं न्हाई. तेवढ्यात उरकून घे.