सामानाच्या तंबूतला जनरेटर

गुरु. २४ एप्रिल, नल्लकुंटा

‘पोटासाठी मराठवाडा सोडून हैदराबादेत आलेल्या माझ्या माणसांनो, तीन वर्षं झाली, शिबिरात आपल्याला आपलंच बोलणं ऐकू येत नाही!’ शनिवारच्या वार्षिक शिबिरातल्या भाषणाची सुरुवात हीच. कूलर, दिवे, माइक सगळं जनरेटरवर चालतं, मान्य. पण विचार मांडायला उभ्या राहिलेल्या माणसाने इंजिनाशी भांडायचं?

संध्याकाळी कुकटपल्लीला मिलिंदकडे गेलो. कारखान्यात मेंटेनन्सला आहे, शिबिराचा जनरेटर वर्षभर त्याच्याच घरी असतो. जुनं काळं ऑइल काढून नवीन भरत होता. फिल्टर धुऊन दोरीवर वाळत घातलेला.

“आवाज कमी कर रे ह्याचा.”

“तुमचा कमी होतो का, सर? दोघं सारखेच. सुरू व्हायला चोक लागतो, अन् सुरू झाले की थांबत नाहीत.”

राग आला. हसलोही.

शुक्र. २५

बेगम बाजारातून जाड ताडपत्री आणली. दुकानदार: “कायकू होना साब?” म्हटलं, जनरेटरवर टाकायचीय, आवाज दाबायला. “चालू इंजन कू? नक्को साब, नक्को.” त्याला म्हटलं, तू माल दे, अक्कल नको.

शनि. २६, शिबिर, तलावाकाठी. दुपारी अडीच

मिलिंदने जनरेटर लांब, उघड्यावर मांडला होता. तरी माझ्या खुर्चीपर्यंत घरघर. सामानाच्या तंबूत हलवा म्हटलं, आणि वरून ताडपत्री. मि. आडवा उभा राहिला. “कोंडू नका ह्याला, सर. ह्यातला जो वायू माणूस मारतो, त्याला ना रंग ना वास.” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं: “आता हा आम्हाला विज्ञान शिकवणार!” हशा पिकला. केबल सोडेना, तेव्हा त्याचं मनगट पिरगाळलं. कातडी सोलली. आमच्यातल्या प्रकाशने आणि आणखी दोघांनी जनरेटर उचलून आत नेला. मि. पेट्रोल आणायला म्हणून निघून गेला. आता कसं शांत आहे. माइक तपासतो आणि सुरू करतो.

रवि. २७, हॉस्पिटल, व्हरांड्यात

पन्नास मिनिटं बोललो. कोणी जागचं हललं नाही.

कविता, प्रकाशची बायको, डोकं दुखतंय म्हणून शेजारच्या तंबूत झोपली होती. तिच्या कूलरची पाठ सामानाच्या तंबूला लागून. तिथली सगळी हवा तो आत खेचत होता. भाषण संपल्यावर प्रकाश तिला उठवायला गेला आणि ओरडला. तसं ओरडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती ओकलेली, डोळे अर्धे उघडे, हाक पोचत नव्हती.

मिलिंद तेवढ्यात कॅन घेऊन आला. कॅन टाकला, चाकूने तंबू उभा फाडला, तिला बाहेर ओढलं, पळत जाऊन जनरेटर बंद केला. परत आला तेव्हा प्रकाशच्या हातात खुंटे ठोकायचा हातोडा.

“तुझ्या मशीननं मारली माझी बायको!”

तोंडावर. पुन्हा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज दहा पावलांवर आला. दात मातीत. तिसऱ्या वेळी चौघांनी धरलं प्रकाशला.

मी त्या चौघांत नव्हतो. मी माइक धरून उभा होतो. थांब, ताडपत्री माझी, एवढे तीन शब्द. नाही निघाले.

सोम. २८

कविता शुद्धीवर. नवऱ्याला ओळखते, मुलीचं नाव आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघू.

मि.चा जबडा तारांनी बांधलाय. त्याची बायको सुनंदा दारातच भेटली. “सर, त्यांना बोलता येत नाही. तुम्ही सांगा ना सगळ्यांना काय झालं ते.” सांगतो म्हटलं. जिना उतरलो आणि सरळ घरी आलो.

बुध. ३०

प्रकाश आला. मि.विरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायचीय, मजकूर मी लिहावा. “तुमच्यासारखं कोण लिहिणार, दादा?”

लिहिला. एका बैठकीत. ‘यंत्राची जबाबदारी असलेला इसम यंत्र सोडून निघून गेला.’ हातोड्याचं ‘संतापाच्या भरात झालेली झटापट’ केलं. खोटं वाक्य एकही नाही, आणि अख्खा कागद खोटा. शिबिरातल्या सगळ्यांनी सह्या केल्या. हसले होते तेच सगळे. ताडपत्रीचं कोणी विचारलं नाही. पहिली सही माझी.

शुक्र. २ मे

हॉस्पिटलला गेलो. मि.ने कागद मागितला. वाटलं, आता आईवरून शिवी लिहील. तयार होतो. त्याने लिहिलं: ‘जनरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदेल.’

सुनंदा भिंतीकडे बघत म्हणाली, “कारखान्यात कळलंय. केस झाली की नोकरी जाईल म्हणतात.”

जनरेटर माझ्याच अंगणात आणून टाकलाय. पेट्रोल काढलं. मग लाथ घातली त्याला. पुन्हा घातली. अंगठ्याचं नख उलटलं, रक्त थांबेना. जनरेटरला पोचाही नाही.

शनि. ३ मे

प्रकाश उद्या पोलीस ठाण्यात जाणार, तोवर तक्रारीचा कागद माझ्याकडेच आहे. आज संध्याकाळी सगळे त्याच्या घरी जमतायत. मला बोलायला सांगितलंय. जे बोलायचं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे तिथे शब्द फिरवता येणार नाहीत.

‘ताडपत्री मी आणली. जनरेटर आत मी ठेवायला लावला. मिलिंदने अडवलं तेव्हा त्याचा हात पिरगाळला, आणि तुम्ही हसलात. प्रकाश, उचलून आत तू नेलास. कविताला बाहेर काढलं ते त्याने, आणि आपण त्याचं तोंड फोडलं. आता तो बोलू शकत नाही म्हणून आपण लिहून देतोय.’

इथपर्यंत प्रकाश ऐकून घेईल असं वाटत नाही. हातोडा त्याच्याच घरात आहे. हाणला तर हाणू दे, पण पुढचं बोलूनच पडायचं.

‘हा तक्रारीचा कागद. ही माझी सही, ही मी खोडली. आता एकेकाने पुढे या आणि आपापली सही खोडा.’