दोनदा ओढलेला पट्टा

प्रिय बेडके,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस! आणि खरं सांगू, मी पार दमलोय. पहाटे उठायचं, शाळेची बस काढायची, चाळीस पोरांचे सीटवरचे पट्टे तपासायचे. प्रत्येकाचा पट्टा दोनदा ओढून बघितल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पोरं मला ओढकाका म्हणतात. कंबरेचं तर विचारूच नकोस.

तर तुझी भाची. सुट्टी लागली की पंधरा दिवस आत्याकडे समुद्रावर जायचं, तोंडात नळी घालून, पाण्यावर पालथं पडून मासे बघायला शिकायचं, हे तुम्ही दोघींनी परस्पर ठरवून टाकलंत. मला आपलं कळवलंत. तू रोज परक्या माणसांना पाण्यात उतरवतेस, तुला त्याचं काय! पण पोर आठ वर्षांची आहे गं, आणि मला आठवडाभर धड जेवण गेलेलं नाही. तुझी वहिनी म्हणते, एवढी भीती वाटते तर सरळ नाही म्हणा. तेही माझ्याच्यानं होत नाही.

तिच्या मापाचं तरंगायचं काहीतरी इथूनच आणायला सांगितलं होतंस ना, त्यापायी मी तीन दुकानं पालथी घातली. आधी दंडात घालायचे फुगे आणले. ते घालून पोर पाण्यात उभीच राहते, दोन्ही हात वर, पोलिसांनी पकडल्यासारखी. मग मी दुकानातलं सगळ्यात जाड लाइफ जॅकेट उचललं, मागे कॉलर असलेलं. पोहण्याच्या तलावात उतरवलं तर दर वेळी गर्रकन उताणी! मला फक्त छप्पर दिसतंय, म्हणून कार्टीनं सगळा तलाव डोक्यावर घेतला. तिथली शिकवणारी बाई म्हणाली की अहो, हे बुडणाऱ्याचं तोंड वर करायला बनवलंय, मासे काय छपराला लटकलेत? सगळे हसले, मीही हसलो. पण मनातून मला तेच जॅकेट आवडलं होतं. तोंड वर, श्वास चालू, विषय संपला.

त्या बाईनंच मग छातीवरचं पातळ जॅकेट सुचवलं. हवं तेवढं तोंडानं फुगवायचं, पोर आरामात पालथी पडते, आणि ते गळ्याशी सरकू नये म्हणून मांड्यांमधून एक पट्टा. तेच आणायला परवा तिसऱ्या दुकानात गेलो. मी पट्टा ओढून बघत होतो, तेवढ्यात लेकीनं तिथली एक बदकाच्या तोंडाची ट्यूब कंबरेत घातली आणि गोल गोल नाचायला लागली. बेडके, मी ती एवढ्या जोरात हिसकावली की पोरीचं कोपर खरचटलं. दुकानातली माणसं बघत राहिली. मला माझीच लाज वाटली.

घरी आल्यावर रडून झालं, आणि मग तिनं विचारलं की आत्या लहानपणी अशीच ट्यूब घालून, कुणाला न विचारता पाण्यात गेली होती ना, म्हणून का? तिलाही ती गोष्ट पाठ आहे. चार वर्षांची तू, आगाऊपणा करून टाकीत उतरलीस, उलटी झालीस, बेडकीसारखे पाय वर, आणि शेजारच्या काकांनी घोट्याला धरून बाहेर काढलं. आईनं ती येईल त्या पाहुण्याला सांगितली. तूही हसायचीस. पण त्यापायी तुला सोळा वर्षांची होईपर्यंत पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. शाळेच्या सहलीत सगळ्या मुली पाण्यात आणि तू काठावर चपला सांभाळत बसलेली. आणि त्या दिवशी तर नाकातोंडातलं पाणी निघायच्या आत आईनं तुला थोबाडीत मारली होती.

ती ट्यूब तुला मी घातली होती. मी नऊ वर्षांचा होतो. ट्यूब मोठी व्हायची, म्हणून दोरीनं तुझ्या कंबरेला बांधली. तुला जायचं नव्हतं, तू माझा शर्ट घट्ट धरला होतास. मीच बोटं सोडवली आणि तुला आत सोडलं. ट्यूब खाली सरकली, तू उलटी झालीस, आणि मी नुसता उभा राहिलो. आईनं विचारलं तेव्हा म्हणालो, तिची तीच गेली. आई गेली तरी मला ते सांगायचं धाडस झालं नाही.

परवा लेकीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, आत्याला माहितीये का? मी नाही म्हणालो. तर म्हणाली, मग मी नाही जाणार, पंधरा दिवस मला आत्याशी खोटं वागावं लागेल. म्हणून हे पत्र. तू ये म्हणालीस तर शनिवारी तिला आणून सोडतो. जॅकेट बॅगेत भरलंय. पाण्यात सोडण्याआधी पट्टा दोनदा ओढून बघ. तुला सोडताना मी एकदाही बघितलं नव्हतं.

तुझाच, अजून म्हणावंसं वाटलं तर,
दादा