केयाचे दोन डब्ल्यू आणि माझा गॅस

५ ऑक्टोबर, रविवार
केयाची ट्रान्सक्रिप्ट प्रिंटरवर पडली होती. उचलली. सगळीकडे ए आणि बी प्लस. मागच्या स्प्रिंग सेमिस्टरला मात्र दोन विषयांपुढे ग्रेडच नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री: डब्ल्यू. फिजिक्स: डब्ल्यू. गूगल म्हणालं, विड्रॉन, म्हणजे विषय अर्ध्यात सोडला. मेडिकल कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. पोरगी सातवीपासून डॉक्टर व्हायचं म्हणतेय, आणि आता हे!

विचारलं, का सोडलेस? इट वॉज अ बॅड टाइम, पप्पा, म्हणाली. दोन्ही विषय समरमध्ये परत घेतले, दोन्हीत ए आहे, लीव्ह इट. ए मलाही दिसतोय. पण डागही दिसतोय ना!

स्मिताला विचारलं. म्हणाली, फेब्रुवारीत आपल्या घरात काय झालं ते आठव. काय झालं? मला गॅस झाला. इन्शुरन्स होता म्हणून हॉस्पिटलने चार दिवस ठेवून घेतलं. त्याचा केमिस्ट्रीशी काय संबंध? बायको आत निघून गेली.

संकल्प: हे प्रकरण मी हातात घेणार. आणि उद्यापासून चालायला जाणार.

६ ऑक्टोबर, सोमवार
चाललो नाही. फार उकडतंय.

अबू धाबीच्या मुसफ्फात वीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर आहे मी. ड्रॉइंग चुकलं की नवी रिव्हिजन काढायची, जुन्यावर 'सुपरसीडेड'चा शिक्का मारायचा. लंच ब्रेकमध्ये युनिव्हर्सिटीला फोन लावला. सिस्टर, त्या दोन डब्ल्यूंवर शिक्का मारा आणि समरचे ए वर घ्या. बाई म्हणाली, सर, परमनंट रेकॉर्ड आहे, शिवाय तुमच्याशी बोलता येत नाही, मुलीला फोन करायला सांगा. फी भरताना बरं माझ्याशी बोलता येत होतं!

९ ऑक्टोबर, गुरुवार
कारण सापडलं. रेयांश. केयाचा वर्गमित्र. अभ्यासाला म्हणून येतो आणि पोह्यांच्या दोन प्लेट हाणतो. आज लिफ्टपाशी गाठला. कडक शब्दांत विचारलं, स्प्रिंगमध्ये तिचं लक्ष कोणी उडवलं? तो गोंधळला. म्हणाला, अंकल, मी तर तिला हॉस्पिटलमध्ये नोट्स आणून द्यायचो. कुठलं हॉस्पिटल, ते विचारायचं राहिलं. ट्रेनिंग असेल काहीतरी.

१८ ऑक्टोबर, शनिवार
नेटवर सगळीकडे एकच. एकदोन डब्ल्यूंनी ॲडमिशन जात नाही, दर सेमिस्टरला असतील तर प्रश्न. कारण खरं आणि थोडक्यात सांगा. केयाने तिचं कारण स्टेटमेंटमध्ये लिहिलंय. दाखव म्हटलं तर म्हणाली, इट्स पर्सनल. बापापासून कसलं पर्सनल? पोरीच्या भरवशावर राहिलो तर सीट हातची जाईल. वीस वर्षांत कव्हरिंग लेटरशिवाय एक कागद माझ्या टेबलावरून गेलेला नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार
दिवाळी. सहा चकल्या. सातवीला स्मिताने डबा उचलला. लिफ्ट बंद, जिन्यात छाती भरून आली. तळणाचा गॅस. दोन मिनिटं कठड्याला धरून उभा राहिलो, कोणी पाहिलं नाही. चालणं दिवाळीनंतर.

२५ ऑक्टोबर, शनिवार
केयाने काल फॉर्म भरला. आज मी मुश्ताकच्या टायपिंग सेंटरवर. आमचे व्हिसे, भाडेकरार, सगळं आयुष्य याच माणसाने टाइप केलंय. लेटर झकास झालं. माझी कन्या केया फेब्रुवारीत तीव्र गॅस्ट्रिक विकाराने हॉस्पिटलात होती, सबब दोन विषय सोडावे लागले. आता आजार कुठला लिहायचा? ज्याचा अनुभव आहे तोच लिहिला.

मुश्ताक म्हणाला, भाई, प्रूफ? घरी जाऊन माझ्या हॉस्पिटलच्या कागदांचं पाकीट घेऊन आलो. फेब्रुवारीपासून न उघडलेलं. गॅसबद्दल काय वाचायचं? फक्त वरचं पान स्कॅन करायला दिलं. हॉस्पिटलचं नाव, तारखा, 'डी. साळगावकर'. मुश्ताक म्हणाला, डी? केयाचं तर के. म्हटलं, हबीबी, अटॅचमेंट कोणी उघडत नाही. वीस वर्षांचा अनुभव आहे.

कॉलेजला ईमेल केला. खलास.

१२ नोव्हेंबर, बुधवार
इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं! स्मिता रडली, केयाने उड्या मारल्या. लेटरचं श्रेय मी योग्य वेळी घेणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३.१०
कॉलेजच्या पार्किंगमध्ये. केयाला आत जाऊन पन्नास मिनिटं झाली. बाकीची मुलं वीस मिनिटांत बाहेर येतायत. म्हणजे तिच्यात इंटरेस्ट घेतायत.

३.२५
चौदा मुलं बाहेर आली, मोजली. केया नाही.

३.४०
आली. पुढचं दार न उघडता मागे बसली.

संध्याकाळी ७
सिग्नलला तिने विचारलं, पप्पा, डिड यू सेंड देम अ लेटर? मी हो म्हणालो.

स्मिताकडून कळलं. पॅनलला डब्ल्यूंचं काहीच नव्हतं. केयाने स्टेटमेंटमध्ये लिहिलं होतं, वडिलांना हार्ट अटॅक आला, त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून मी दोन विषय सोडले आणि समरमध्ये परत घेतले. एक डॉक्टर बाई म्हणाल्याही, गुड. मग दुसऱ्याने माझं लेटर पुढे ठेवलं. खाली अटॅचमेंट. कार्डिॲक केअर युनिट. पुरुष, वय ५३. यातलं खरं कोणतं, असं विचारलं तिला.

माझं खरं आहे, म्हणाली. माय डॅड स्टिल कॉल्स इट गॅस. कोणी हसलं नाही म्हणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कॉलेजला ईमेल केला. मुलीला काही माहीत नव्हतं, चूक सर्वस्वी माझी. चार वेळा लिहून खोडला, मग पाठवला. उत्तर: नोटेड.

माझ्या हेतूत खोट नव्हती. हे कोणाला सांगू?

१ डिसेंबर, सोमवार
सीट नाही मिळाली. अर्जासोबत वैद्यकीय बाबतीत खोटा मजकूर आल्याने या वर्षी विचार करता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. डब्ल्यूंचा उल्लेखसुद्धा नाही. दोन ओळी केयाने मोठ्याने वाचल्या, फोन ठेवला आणि माझ्या ताटाशेजारी रात्रीच्या गोळ्या ठेवल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, मंगळवार
सुट्टी. पाकीट काढलं. चार पानं. पहिलं तर सगळ्या कॉलेजने वाचलंय.

दुसरं पान. ११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ९.५०. इमर्जन्सीत कोणी आणलं: मुलगी. मंगळवारी दहाला तिचं ऑरगॅनिकचं लेक्चर असायचं. मीच सोडायला निघालो होतो. वाटेत गाडी बाजूला घेतली, ते आठवतंय. पुढे गाडी कोणी चालवली, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

तिसऱ्या पानावर गॅस हा शब्द शोधला. नाही.

चौथं पान. रोज तीस मिनिटं चालणे. वाचत होतो तेव्हा केया बूट घालून दारात उभी. यल्ला, पप्पा, चला. पुढच्या वर्षीच्या फॉर्मबद्दल मला एक आयडिया सुचली होती, ती सांगितली नाही.

बिल्डिंगला दोन चकरा मारल्या. तिसरीला दम लागला, छाती धरून बाकावर बसलो. काय होतंय, तिने विचारलं. 'गॅस' हा शब्द ओठांवर आला होता. खरं सांगितलं.