आठ फुटी बोळ

सांगली,
मार्च १९७८

प्रिय हंबीर,

पुण्यात तुझी पाठ कशी आहे, सूनबाई वेळेवर जेवायला घालते का, हे आधी विचारायला हवं. विचारलं असं समज. मी रागावलेली आहे, आणि रागात खुशालीच्या ओळी लिहिल्या की त्या खोट्या वाटतात. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात मदर सांगायच्या, राग आला की अक्षर सुधारून लिहावं. बघ, किती नीट लिहिते आहे.

तू आखलेली ही वसाहत आता भरली. चाळीस फुटी रस्त्यावर डांबर पडलं. मोटार एकाच्याही दारात नाही. डॉक्टरांची एक स्कूटर आहे, तिच्यासाठी एवढं रान मोकळं सोडलंय. कडेनं चालायला तू नकाशात दाखवलेली पट्टी कंत्राटदारानं गिळली आणि सोसायटीत कुणी चकार शब्द काढला नाही. कंपाउंडच्या भिंती इतक्या उंच घेतल्यात की शेजारीण तिच्या अंबाड्यावरून ओळखावी लागते. सारा जन्म मी शाळेच्या घंटेवर काढला, भोवती पोरींचा कलकलाट. आता संध्याकाळी पायरीवर बसते. कुणी आलंसं वाटून मान वर करावी, तोवर सायकल निघून गेलेली असते.

माणसं पायी यायची ती फक्त एका वाटेनं, तुझ्या नि माझ्या प्लॉटमधल्या आठ फुटी बोळातून. तो तू कसा आखलास ते मला अजून दिसतं. साताऱ्याच्या नगररचना ऑफिसातून रजा काढून आला होतास. सोसायटीची मंडळी कागदावर सरळ रेघा मारून मोकळी झाली होती, आणि तू मात्र भर उन्हात माळावर उभा राहून गवतात पावलं कुठं उठलीत ते बघत होतास. मागच्या वस्तीतली माणसं गिरणीला, बाजाराला तिथून जायची. त्यांच्या पायवाटेवरच तू आखणीची चुन्याची फक्की टाकलीस. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. चेअरमन नानासो कुरकुरले, "साहेब, एवढी जागा फुकट घालवताय." तू म्हणालास, "माणसं चालतात ती जागा फुकट कशी?" मला तुझा इतका अभिमान वाटला की टेपचं माझ्या हातातलं टोक मी आणखी ताणून धरलं. तोंडावर कौतुक करायची माझी सवय नाही, तुला ठाऊक आहे.

त्या बोळातून हरणाबाई यायची. जतकडची धनगरीण. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आली ती मागच्या वस्तीतच राहिली. शेळीचं दूध घालायची आणि माझ्या पायरीवर टेकायची. माझ्या शिक्षणाचं तिला काडीचं कौतुक नाही. माझी भाजी चाखून म्हणाली होती, "बाई, पोरींस्नी लय शिकवलं, पर भाजी कवा शिकनार तुमी?" मुख्याध्यापिकेशी असं कुणी कधी बोललं नव्हतं. मी इतकी हसले की ती घाबरली. आता दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस आहे, हंबीर. पोस्टमनसुद्धा पत्र असलं तरच थांबतो.

गेल्या सोमवारी बोळाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या पडल्या. येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत मंजुरी घेऊन तिथं पक्की दगडी भिंत होणार आहे. हरणाबाईला आता मिरज रस्त्यानं वळसा पडतो. एकदा आली तशी. उसाच्या ट्रकनं हूल दिली म्हणून नाल्यात उतरली होती. गुडघा खरचटलेला, किटली रिकामी. त्यानंतर आली नाही. दुपारी काट्यांपलीकडून हाक मारते, "बाई, जित्या हायसा न्हवं?" मी म्हणते, "आहे, अजून आहे." फांद्यांमधून तिचं तोंड दिसत नाही. भिंत झाली की आवाजही येणार नाही.

तुझ्या प्लॉटलगत कुणी परकं माणूस काटे पसरतंय, म्हणून त्या सोमवारी मी तावातावानं गेले होते. तिथं विट्याचे लालासाहेब उभे होते. त्यांचं मद्रासला गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान आहे. मी त्यांना फैलावर घेतलं. सगळं ऐकून घेऊन ते हळूच म्हणाले, "आवं बाई, माज्यावर का खवळताय? प्लॉट तुमच्या बंधूंकडनंच घेतलाय की आमी. बोळ निम्मा-निम्मा वाटून घ्या, हे साहेबच बोललं. निम्मा तुमचाबी हाय त्यात." मी "बरं" म्हणाले. मी, हंबीर. नुसतं "बरं" म्हणून घरात आले.

प्लॉट तुझा होता, विकलास. म्हातारपणी शेजारी राहायचं म्हणून आपण हे दोन प्लॉट शेजारचे घेतले होते, हे तू विसरला असशील, किंवा आठवत असेल म्हणूनच मला कळवलं नसशील. त्यावर मी भांडत नाही. पण बोळ तुझा नव्हता. माझा निम्मा मला नको. सभेत मी बोलेन, पण आखणाऱ्या साहेबालाच बोळ नको म्हटल्यावर माझं कोण ऐकणार? रविवारी सकाळी दहाला, शाळेच्या पडवीत. तू ये. चारचौघांत उभा राहा आणि बोळ राहिला पाहिजे एवढं म्हण. दुपारच्या गाडीनं परत गेलास तरी चालेल. माझ्याकडे जेवायला थांबलंच पाहिजे असं नाही.

तुझीच,
आक्का