गावाची संमती आणि एक डुक्कर

३ मार्च, सकाळी
माझ्या नातीने, साऊमाने, फोन असा लावून दिलाय की मी बोलायचं, त्याने लिहून घ्यायचं. वाचणार कोणी नाही, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही. खरं हे, की तिच्या डॉक्टरेटचं सगळं ओझं माझ्यावर आहे. विषय: आम्हा आमीस आदिवासींत घर आईकडून मुलीकडे कसं जातं. तिच्या तैपेईच्या प्रोफेसरांना यातलं काय कळणार? संशोधनाचं प्रपोजल पास झालं तर ती वर्षभर इथे, माझ्याकडे राहील. मला त्याचं काही नाही. माणूस वाढलं की भांडी वाढतात.

५ मार्च
मागची खोली झाडली. सहज. जाळी झाली होती.

९ मार्च
साऊमाचा फोन. प्रपोजलबरोबर एथिक्सचाही अर्ज लागतो म्हणे. म्हणजे माणसांना प्रश्न विचारण्याआधी एका कमिटीला विचारायचं, की विचारू का. मी म्हटलं, अगं, मग मला विचार ना, मी तुला कधी नाही म्हटलंय? म्हणाली, आजी, तोच तर प्रॉब्लेम आहे! शिवाय एकट्या तुझं चालत नाही. गावाची मीटिंग हवी, निम्म्याहून जास्त घरांनी हात वर करायला हवेत. ओसायसुद्धा? ओसायसुद्धा.
शेजारची ओसाय कोंबड्यांवरून माझ्याशी बोलत नाही. तरी होईल. गाव माझ्या शब्दाबाहेर नाही.

१४ मार्च
मुखिया लेकालकडे गेले. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय, आता माइक हातात घेऊन फिरतो. म्हणाला, मावशी, बोलावतो सगळ्यांना, पण जेवायला काय? मी म्हटलं, काय म्हणजे? मी मेलेय का?
गावाला काही विचारायचं आणि उपाशीपोटी विचारायचं, हे आमच्याकडे फक्त सरकार करतं.
ठरलं. डुक्कर.

१५ मार्च
साऊमाने फोनवर कमिटीचे नियम वाचून दाखवले. लाच नको, दबाव नको, नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे. मी हूं हूं केलं. नियम चांगले आहेत. लाच पाकिटात देतात. डुक्कर पाकिटात मावत नाही.
तिला डुकराचं सांगितलं नाही. पोर उगाच संकोचते.

२२ मार्च, संध्याकाळी
मीटिंग झाली. माझ्या हयातीत इतकी छान मीटिंग झाली नव्हती. लेकालने सकाळपासून लाउडस्पीकरवर घसा फोडला. डुक्कर, चिकट भात, वेताच्या कोंबांचं सूप, तांदळाची दारू. जी घरं भांडणामुळे एकत्र बसत नाहीत तीही बसली. ओसायने तोंडात घास असताना हात वर केला. लेकालने विचारलं, कोणाचं नाही आहे का? मागून कोणीतरी ओरडलं, नाही कशाला, अजून सूप आहे!
साऊमाची गाडी उशिरा आली. आली ती दारातच उभी राहिली. आनंदाने बोलता येईना तिला.

२३ मार्च
आनंद नव्हता म्हणे. मला म्हणाली, आजी, जेवूखाऊ घालून घेतलेली संमती चालत नाही. मी म्हटलं, मग लिहू नकोस ना. म्हणाली, एथिक्सच्या अर्जात खोटं लिहू?
लिहिलंन तिने. डुक्कर, भात, दारू, सगळं. सूपसुद्धा.

११ एप्रिल
कमिटीचं उत्तर आलं. मीटिंग रद्द. परत घ्या, काही खाऊ न घालता. आणि अर्जदाराच्या आजीने लांब राहावं. मला बरंच वाटलं. इतक्या मोठ्या लोकांत माझं नाव निघालं.
मी लांबच राहणार आहे. फक्त ओसायला एकदा भेटून येते.

१९ एप्रिल
दुसरी मीटिंग. मी घरात, खिडकी बंद. अर्धी बंद.
चार घरं आली. बाकीचं गाव रुसलं. ओसाय कुंपणावरून स्वतःहून माझ्याशी बोलली, किती दिवसांनी. म्हणाली, काय गं, आधी पोटभर वाढलंस, आता पाणीसुद्धा विचारत नाहीस, आमचं चुकलं तरी काय? तुझी नात शहरात शिकून हेच शिकली का? मी म्हटलं, तसा नियम आहे. ती म्हणाली, जेवू न घालण्याचा नियम?
साऊमा रिकाम्या खुर्च्या स्वतः उचलत होती. मदतीला गेले नाही. लांब राहायचं होतं ना.

३० एप्रिल
तिसरी मीटिंग घेऊ म्हटलं. मी बोलते सगळ्यांशी, एकेकाला समजावते. साऊमा म्हणाली, नको आजी. अर्जाची मुदत संपतेय. सुपरवायझरने दुसरं गाव सुचवलंय, दक्षिणेला, तायतुंगच्या पुढे.
तिकडच्या बायकांना घराबद्दल काय माहीत? येईल परत.

१२ मे
काही नाही.

१७ जून
पास झालं. प्रपोजलही, एथिक्सही. ती तिकडे राहायलाही गेली. एका म्हातारीच्या घरी, वर्षभर.

१८ जून, दुपारी
फोन आला. प्रपोजलमध्ये एका ओळीत माझा उल्लेख आहे, नाव न घालता. ‘अर्जदाराची एक वयस्क नातेवाईक.’ त्यासाठी माझी संमती हवी. तिने सगळं वाचून दाखवलं, सावकाश, कमिटीला चालेल असं. म्हणाली, आजी, तू नाही म्हणालीस तरी चालेल, तुझ्यावर काही बळजबरी नाही.
मी हो म्हटलं.
मग विचारलं, जेवलीस का. सांगत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी तिला जेवायला हाक मारली. आले आजी, म्हणाली.
मी म्हटलं, मी कुठे बोलावलं?
फोन ठेवला होता तिने.