शेवटच्या नळाचं पाणी

४ फेब्रुवारी

आलो एकदाचा लेकीच्या घरी! गल्लीतलं हे शेवटचं घर. मागे पाण्याची उंच टाकी, अंगणात या लाइनीवरचा अगदी शेवटचा नळ. दारातच नातीनं पितळी पेल्यात पाणी पुढे केलं; काठोकाठ, जिभेचं टोक बाहेर काढून, थेंबही न सांडता. वय सात, पुढचे दोन दात पडलेले. जावई म्हणाले, तुम्ही येणार म्हणून नळ दुरुस्त करून घेतलाय, आता पळून जायला निमित्त नाही.

संध्याकाळी चावीवाला आला. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, तिनं तो गल्लोगल्लीचं पाणी सोडतो. माझ्या तोंडून तिसरीतली झऱ्याची कविता ऐकली आणि मला थेट ‘गुरुजी’ करून टाकलं, वाकून नमस्कारही केला. खरं तर मी शाळेचा शिपाई. घंटा दिली, माठ भरले, कविता पाठ केल्या त्या वर्गाबाहेर उभं राहून. पण चाळीस वर्षांत हा शब्द मला कुणी दिला नव्हता. राहू दिला.

५ फेब्रुवारी

या म्हाताऱ्याला चावीवाल्यानं नोकरी लावली! रोज सकाळी नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचा एक थेंब टाकायचा. पिवळं झालं तर टाकीत टाकलेली पावडर इथवर पोचली, पाणी प्यायला हरकत नाही. मग वहीत नोंद. नात पिवळा रंग बघून टाळ्या पिटते. मला मात्र लेक उकळलेलंच पाणी देते, पोट नाजूक.

११ फेब्रुवारी

चहालाही दवाखान्याचा वास. शाळेतला माठ आठवत राहतो. वाळूत रुतवलेला, भोवती ओलं फडकं. पोरं कविता म्हणून म्हणून घसे कोरडे करून यायची आणि ते पाणी डोळे मिटून प्यायची. चावीवाल्याला म्हटलं, पावडर जरा हात आखडून टाक की. तो नाही म्हणाला. आधीच्या म्हाताऱ्या चावीवाल्यानं बजावलंय म्हणे, रोज तीन डबे, एक चिमूट कमी नाही. का, ते विचारायचं नाही. मी म्हटलं, गुरुजी सांगतायत म्हणून टाक कमी. हसला. गुरुजींचा शब्द कसा मोडू, म्हणाला.

१५ फेब्रुवारी

थेंब टाकला, पाणी जसंच्या तसं. मोह आवरला नाही, एक घोट कच्चाच घेतला. माठ! तोच माठ! वहीत लिहिलं: रंग नाही, पण गोड. समोरचा शिंपी म्हणाला, गुरुजी, तुम्ही आलात आणि नळाला साखर लागली. गल्लीभर माझं कौतुक. नातीला झऱ्याची कविता शिकवली. दातांच्या फटीतून निम्मी अक्षरं फुसफुसतात आणि आम्ही दोघं हसून लोळतो.

२१ फेब्रुवारी

हे लिहू नये, पण मनात तरी कुठे ठेवू? शिंप्यानं आपलं कुत्रं मागच्या पायांना धरून पायरीवर आपटलं. चार वेळा. हात धुतले, नळाला तोंड लावून प्यायला. शिंपीण उरलंसुरलं झाडूनं लोटत होती आणि दोघांचं बोलणं काय, तर पांढऱ्या दोऱ्याची रिळं संपत आलीत. दुपारी न्हाव्याच्या दुकानातून एक माणूस स्वतःचा कान हातात घेऊन बाहेर आला. हसत होता. न्हावीही.

२४ फेब्रुवारी

चावीवाल्याला गाठलं. पावडर होती तेवढी टाक म्हटलं. रडायलाच लागला. त्या म्हाताऱ्याला काल विचारून आलो, गुरुजी, पावडर जंतूंसाठी नव्हतीच, म्हणाला. टाकीच्या तळाशी जे आहे, ते झोपून राहावं म्हणून होती. तरी तीन डबे घेऊन निघाला. तोच गल्ली बाहेर आली, कमरेवर हंडे. शिंप्यानं त्याच्या खांद्यावरची चावी उतरवून घेतली, जणू ओझं हलकं करतोय. पहिला घाव गुडघ्यावर. मग चावी हातोहात फिरली. कुणी आवाज चढवला नाही. तो मात्र ‘गुरुजी, गुरुजी’ करत होता. मी शिपाई आहे रे, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. चौथा घाव माझ्या लेकीनं घातला, एका हातानं, तोंडावर. त्यानंतर तो बोलला नाही. तिच्या हंड्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. घरी येऊन विचारते, बाबा, चहात साखर किती?

२५ फेब्रुवारी

जेवताना नातीनं आईच्या करंगळीचं पेर तोडलं. दातांनी. लेक हसली.

ते दोन दात परवा नव्हते. आज आहेत.

तिला माझ्या खोलीत कोंडलंय. उकळलेलं पाणीच देतो. दारावर डोकं आपटते— थांबत नाही—

२७ फेब्रुवारी

रडली! तिच्या स्वतःच्या आवाजात. आजोबा, आईचं बोट दुखत असेल का, म्हणाली. उतरतंय. म्हणजे उतरू शकतं. सगळ्यांचंच. फक्त पावडर हवी.

२८ फेब्रुवारी, सकाळ

जावयांनी दार फोडलं. माझा डावा हात मनगटात मोडला, काटकी मोडावी तसा. तिला नळाखाली धरलं, पोट फुगेपर्यंत—

चावीवाल्याच्या खोलीत अर्धं पोतं आहे. मी नेईन. मी मागितलं होतं हे पाणी, मीच—

दुपार

टाकीवर. पोतं एका हातानं ओढत. झाकण उघडंच.

खाली सगळे उभे, कमरेवर हंडे. चावी लेकीकडे. वर बघतायत. कुणी वर येत नाही. का येत नाहीत—

पायऱ्यांवर पावलं. नात. झऱ्याची कविता म्हणत येतेय. एकही अक्षर फुसफुसत नाही.

पोत्याची दोरी दातांनी— सुटली.

तळाशी काहीतरी कूस बदलतंय. मोठं.

घशात वाळू. त्या घोटापासून रोज. लिहिलं नव्हतं.

पोचली. हातात पितळी पेला, काठोकाठ. इतक्या पायऱ्या, थेंब सांडला नाही. म्हणते, आजोबा, दमलात ना, आधी पाणी घ्या.

माठाचा वास—

पावडर टाकतो. टाकणारच. एकच घोट, मग लगेच